रुसूबाईची तक्रार

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने माझी तक्रार केली. तशी तो लहानपणापासून करतच आलाय, पण तेव्हा ती आईकडे असायची. या वेळी त्याने ती थेट माझ्या साहेबांकडे पाठवली, त्याच्या संशोधन केंद्राच्या शिक्क्यानिशी. ‘आपण पुरवलेले एन्झाइम निष्क्रिय आहे, कृपया खुलासा करावा.’ रोज संध्याकाळी फोन करून ‘आज जेवायला काय केलंस’ विचारणारा माणूस हा. आदल्या दिवशीही आम्ही बोललो होतो, आणि त्यात एन्झाइमचं नावसुद्धा नव्हतं.

साहेबांनी मला बोलावून कागद पुढे सरकवला.

“बाई, आडनाव तुमच्या माहेरचंच दिसतंय.”

“माणूसही माहेरचाच आहे,” मी म्हटलं. “आता असला तर.”

आमची कंपनी छोटी. प्रयोगशाळांना लागणारी एन्झाइम आम्ही बनवतो आणि करंगळीएवढ्या कुप्यांत भरून विकतो. तक्रार ज्या मालाची होती ते माणसाच्या यकृतात सापडणारं एक हायड्रोलेज. हायड्रोलेज म्हणजे पाण्याच्या मदतीने मोठ्या रेणूंचे जोड तोडणारं एन्झाइम. आपलं अन्न पचवणारी मंडळी याच भावकीतली. आता यकृत काढून कोण देणार? म्हणून ते कसं बनवायचं हे ज्यात लिहिलेलं असतं तो माणसातला जीन, म्हणजे जनुक, साध्या बॅक्टेरियात घालायचा, बॅक्टेरियाला खाऊपिऊ घालून वाढवायचं, आणि मग त्याला फोडून आपला माल काढून घ्यायचा. बॅक्टेरिया बिचारा फुकटचा हमाल. कुपीवर लिहिलेलं असतं, ‘फक्त संशोधनासाठी’.

आईला हे एकदा समजावून सांगितलं होतं. “औषध आहे का?” तिने विचारलं. नाही. “खाण्यापिण्यात घालतात?” नाही. “मग काय काम करतं ते?” ते अजून कुणालाच माहीत नाही, मी म्हटलं, तेच तर तुझा मुलगा शोधतोय. आई म्हणाली, “एक बनवतेय, दुसरा विचारतोय हे काय आहे. छान चाललंय तुमचं.”

आमच्याकडे या एन्झाइमचं नाव रुसूबाई, कारण ती ज्याच्या त्याच्या हातून होत नाही. माझा सहकारी लंबू कामाला अगदी काटेकोर. त्याचं टेबल बघून देवसुद्धा चपला बाहेर काढेल. त्याने रुसूबाई जितक्यांदा केली तितक्यांदा ती मेलेली निघाली. माझ्या टेबलावर कायम पसारा, आणि माझ्या हातची रुसूबाई दर वेळी जिवंत. कृती एकच, सामान एकच. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं की बाईंचा हातगुण आहे. साहेब पाहुण्यांना माझी ओळख तशीच करून देतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर आईकडून ‘धांदरट’ हे एकच बिरूद मिळालेल्या बाईला हातगुण म्हणजे मोठीच बढती.

जिवंत की मेलेली हे कळायला सोपी परीक्षा आहे. एक बिनरंगी द्रव घ्यायचा, त्यात रुसूबाई टाकायची. तिने त्यातला जोड तोडला की द्रव पिवळा होतो. पिवळा झाला की जिवंत, नाही झाला की मेली.

त्या संध्याकाळी फोन मीच केला.

“तक्रार करायच्या आधी तोंडाने सांगता येत नव्हतं?”

“तोंडाने सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, तूच मारलंस.”

“तूच मारलंस.”

“बघ,” तो म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. “ताई, मला भांडायचं नाहीये. पेशींमध्ये ती काम करताना मला दिसते. इतकी वर्षं तेच तर केलं. आता शुद्ध एन्झाइम घेऊन ती नेमकं काय तोडते हे दाखवायचं, तर कुपीतून काढली की ढिम्म. सरांनी सांगितलंय, या आठवड्यात पिवळं दिसलं नाही तर हे काम बंद. मला दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगावर टाकणार. चार वर्षं पाण्यात जातील गं.”

हे त्याने आधी सांगितलं असतं तर मी इतकी चिडले नसते. चिडले असते, पण कमी. साहेबांकडून रजा घेतली, बर्फाच्या डब्यात रुसूबाईच्या ताज्या कुप्या ठेवल्या, आणि पहाटेच्या बसने निघाले. डबा सगळा रस्ताभर मांडीवर. शेजारच्या बाईने विचारलं, मासे आहेत का? मी म्हटलं, नाही, माहेरचं भांडण आहे.

भावाची प्रयोगशाळा पाहून मला आधी हसू आलं. लहानपणी तो पाटी पुसून पुन्हा फडक्याने कोरडी करायचा, तोच माणूस इथे मोठ्या आकारात पसरलेला. बाटल्या उंचीप्रमाणे रांगेत. काच इतकी लख्ख की बाटली आहे की नाही हे हात लावून बघावं. त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की आधी साबण, मग रात्रभर लिंबूसत्त्वाचं पाणी, म्हणजे पांढरट थर काही उरत नाही, आणि शेवटी यंत्रातल्या अतिशुद्ध पाण्याने तीनदा धुणं.

“हे लिंबूसत्त्व कुणी शिकवलं?”

“आईने. किटलीला घालायची ना.”

पहिल्यांदा त्याच्या पद्धतीने करून पाहिलं. त्याने बनवलेलं द्रावण, त्यात माझी ताजी कुपी. द्रावण म्हणजे एन्झाइमला सोसेल असं, मोजून मीठ घातलेलं पाणी. त्यातच ती सगळं काम करते. आम्ही दोघं वाकून बघत बसलो. काही झालं नाही. मी स्वतः भरलेली, निघायच्या आधी स्वतः तपासलेली कुपी, आणि त्या नळीतला द्रव होता तसाच.

“म्हटलं होतं की नाही?” भाऊ म्हणाला. पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. तो हरला होता तर आम्ही दोघंही हरलो होतो.

“सरक,” मी म्हटलं. “द्रावण मी करते.”

त्याच्याच बरण्यांतली पावडर, त्याचाच काटा, त्याच्याच यंत्राचं पाणी. तो बाजूला उभा राहून हाताची घडी घालून बघत होता, जणू मी त्याचं घडी केलेल्या कपड्यांचं कपाट उघडणार आहे. मी रांगेतली एक बाटली उचलली, घाईघाईने द्रावण केलं, रुसूबाई टाकली. ढवळून बाजूला ठेवते न ठेवते तोच नळीत पिवळा रंग चढायला लागला. आधी फिका, मग चांगला हळदीसारखा.

भावाने आधी नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय घातलंस?”

“तुझ्यासमोर केलंय.”

“काहीतरी घातलंस.”

त्याने पुन्हा स्वतः केलं. ढिम्म. मी पुन्हा केलं. पिवळं. आता त्याच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन दुसरंच काहीतरी आलं होतं. लहानपणी घड्याळ उघडून बसायचा तेव्हा त्याचं तोंड असं अर्धवट उघडं असायचं. त्याने मला दुहेरी हातमोजे घालायला लावले, न जाणो माझ्या बोटांच्या घामात काही असेल. पिवळं. तोंडाला मास्क लावायला लावला, न जाणो मी फुंकर मारत असेन. पिवळं. मग मला बोलायचीच बंदी केली.

“बोलण्याने काय होणार?” मी मास्कमधून विचारलं.

“एन्झाइमचं माहीत नाही. मला त्रास होतो.”

पुन्हा पिवळं. एवढ्यात त्याचे सर आले. उंचपुरे, शांत, कुणाशी भांडायला वेळ नसलेले गृहस्थ. त्यांनी ओळीने ठेवलेल्या नळ्या पाहिल्या, एक पिवळी, एक बिनरंगी, एक पिवळी, एक बिनरंगी.

“पिवळ्या कुणाच्या?”

“माझ्या बहिणीच्या.”

“आणि फरक काय?”

भाऊ नळ्या उगाच सारख्या करायला लागला. मीच म्हटलं, “आमच्याकडे त्याला हातगुण म्हणतात.”

“असेल,” सर म्हणाले. “पण तो प्रबंधात लिहिता येत नाही. जे दुसऱ्याच्या हातून होत नाही ते झालंच नाही असं आम्ही धरतो.” ते अगदी सौम्यपणे बोलले आणि निघून गेले. माझा भाऊ तिथेच स्टुलावर बसला. आठवड्याची मुदत तशीच होती. त्याच्या हातून पिवळं झालं नसतं तर माझ्या पिवळ्या नळ्या त्याच्या काही कामाच्या नव्हत्या. मला तेव्हा माझ्या हातगुणाचा पहिल्यांदा राग आला. हातगुण देता येत नाही, उसना मिळत नाही, भावालासुद्धा नाही.

रात्री मी भावाच्याच घरी राहिले. भावजयीने दोनदा विषय काढून बघितला आणि सोडून दिला. तिचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या भिंगांवरचे डाग पुसायचे आणि घरी येऊन नवऱ्याचं पुसणं बघायचं, असं ती स्वतःच म्हणते.

सकाळी मी ओट्यापाशी उभी होते. पाणी प्यायला रॅकमधला ग्लास घेतला, नळाखाली धरला, ओतला, मग माठातलं पाणी भरलं. भावजय चहा गाळत होती. ती हसायला लागली.

“ताई, रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही आलात की आमच्या ग्लासांना ठिपके पडतात.”

“मी नीट धुते हं.”

“धुता की. पण धुतलेला ग्लास घेतानासुद्धा आधी नळाखाली धरता. अर्धं पाणी प्यायचं, मग परत विसळून तसाच ठेवायचा. वाळला की हे असं.” तिने रॅकमधला एक ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला, भिंग तपासावं तसा. काचेवर बारीक बारीक पांढरे ठिपके होते. “तुम्ही गेल्यावर तुमचा भाऊ बसून हे एकेक पुसतो. मी म्हणते, राहू दे, ताईंची आठवण आहे.”

“आईची सवय आहे ती,” मी म्हटलं. “भांडं भरायच्या आधी विसळून घ्यायचं. ठेवल्यापासून त्यात काय पडलं असेल कोण जाणे.”

“आई तर भांड्यावर डाग दिसला की परत घासायला लावायची,” भाऊ टेबलावरून म्हणाला.

“ते ठेवताना. मी भरतानाचं सांगतेय.”

एवढं बोलून मी चहाचा कप उचलला. भावाने मात्र स्वतःचा कप खाली ठेवला, अगदी हळू.

“ताई. काल माझी बाटली घेतलीस तेव्हा काय केलंस?”

“काय केलं? द्रावण केलं.”

“त्याच्या आधी. रांगेतून उचललीस आणि?”

मी आठवून बघितलं, आणि माझाच हात मला दिसला. बाटली उचलली, सिंकच्या नळाखाली धरली, एकदा गोल फिरवून ओतली. दर वेळी. भाऊ समोरच उभा होता, पण लहानपणापासून बघत आलेल्या सवयीकडे कोण बघतं? बाटली तर सोडाच, माझ्यासमोर कुणी रिकामा समुद्र ठेवला तरी मी तो आधी विसळून घेईन.

“विसळली,” मी म्हटलं. “साध्या पाण्याने.”

आम्ही दोघांनी भावजयीच्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. ती बिचारी तो पुसायला निघाली होती. “पुसू नकोस,” आम्ही एकदमच म्हणालो.

“हे ठिपके कशाचे असतात?” तिने विचारलं.

“इथलं पाणी जड आहे,” भाऊ म्हणाला. “क्षार असतात. किटलीत बसतात तेच. कॅल्शियम.” आणि तो शब्द तोंडातून निघाल्यावर तो उठलाच. “कॅल्शियम, ताई. तिला कॅल्शियम लागतंय. पेशीत ते असतंच. तुझ्या बाटलीत नळाचे दोन थेंब राहतात. आणि मी तर लिंबूसत्त्वाने उरलंसुरलंही काढून टाकतो.”

चहा तसाच राहिला. मोजे वेगवेगळ्या रंगाचे घालून निघालेला माझा भाऊ मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

प्रयोगशाळेत त्याने स्वतःच्या लख्ख बाटलीत, स्वतःच्या हाताने द्रावण केलं. मला सिंकच्या आसपास फिरकायची मनाई होती. मग त्याचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइडचा मोजलेला थेंब टाकला. दोन्हींत रुसूबाई घातली आणि तो चक्क पाठ करून उभा राहिला.

“तू बघ,” तो म्हणाला. “मला नाही बघवत.”

मी बघितलं. पहिली नळी होती तशीच. दुसरीच्या तळाशी काहीतरी हललं असं वाटलं, मला वाटलं डोळ्यांचा खेळ असेल, पण मग पिवळा रंग वर चढत आला, माझ्या कुठल्याही नळीपेक्षा गडद. माझ्या दोन थेंबांत तिला जेमतेम पुरेल एवढंच मिळत होतं. आज पोटभर मिळालं होतं.

“वळ,” मी म्हटलं.

तो वळला. नळीला हात न लावता तिच्याभोवती दोन्ही तळवे धरून बसला, आणि मग त्याने चष्मा काढून डोळे पुसले. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो एवढा मोठा झाल्यापासून मी असं केलं नव्हतं. तक्रारीचा राग अजून होता, तो काही एका नळीने जाणार नव्हता, पण त्याच्यावरच्या मायेला त्या रागाची काही अडचण होत नव्हती.

सर आले, त्यांनी दोन्ही नळ्या बघितल्या आणि स्वतः एकदा करून बघितलं. त्यांच्या हातूनही पिवळं झालं.

“हे लिहिता येईल,” ते म्हणाले. दारातून परत वळले. “आणि कॅल्शियम लागतं म्हणजे ती पेशीत कुठे काम करत असेल, याचाही अंदाज बांधता येईल. काम चालू ठेवा.”

ते गेल्यावर भाऊ हसत राहिला, आणि माझं हसू हळूहळू ओसरलं. माझ्या ध्यानात येत होतं. आमच्या कंपनीतल्या कृतीत कॅल्शियमचा उल्लेख नव्हता. कुपीबरोबर जाणाऱ्या कागदावरही नव्हता. लंबू कृतीप्रमाणे करायचा, स्वच्छ बाटलीत, म्हणून त्याची मरायची. मी कृतीप्रमाणे करते असं मला वाटायचं आणि शिवाय बाटली विसळायचे. ज्याला सगळे हातगुण म्हणत होते तो आमच्या मोरीतला नळ होता.

भावाला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

“ताई, तक्रार मागे घेतो. लिहितो की आमच्याकडूनच चूक झाली. तुझ्या साहेबांना काही कळायचं कारण नाही.”

मोह झाला. सांगते, चांगलाच झाला. हातगुण तसाच राहिला असता, मी गुपचूप कॅल्शियम घालत राहिले असते. पण मग उद्या दुसऱ्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत असाच एक टापटीप मुलगा कृतीचा कागद समोर ठेवून, सगळं बरोबर करून, स्टुलावर बसून राहिला असता. त्याची बहीण डबा घेऊन पोचली नसती.

“घेऊ नकोस,” मी म्हटलं. “खरी आहे ती. फक्त पुढच्या वेळी आधी मला फोन कर, मग साहेबांना.”

मी परतल्यावर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसले.

“म्हणजे बाई, इतकी वर्षं आपण नळाचं पाणी विकत होतो?”

“दोन थेंब, साहेब.”

त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी कृती बदलायला सांगितली, ज्यांनी ज्यांनी रुसूबाई घेतली होती त्या सगळ्यांना कळवायला सांगितलं, आणि पुढचा माल लंबूने करावा असं ठरवलं. मी समोर उभी होते, पण नळापासून लांब. लंबूच्या नळीत पिवळा रंग चढला तेव्हा तो मागे वळून म्हणाला, “बाई, जमली.” मी म्हटलं, “जमणारच.” आनंद झाला, आणि जरा हेवाही वाटला. त्या दिवसापासून मला कुणी हातगुणवाली म्हटलं नाही. पाहुणे आले की साहेब आता लंबूचं टेबल दाखवतात.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी भावाचा फोन आला. जेवायला काय केलंस हे विचारून झालं. नव्या कुप्या पोचल्या, सगळ्या जिवंत आहेत, हेही सांगून झालं. तरी तो फोन ठेवेना.

“प्रबंध लिहायला घेतलाय,” तो शेवटी म्हणाला. “एका ठिकाणी अडलोय. एन्झाइमला कॅल्शियम लागतं हे कसं लक्षात आलं, ते लिहायचंय. सर म्हणतात, जसं घडलं तसं लिही. पण तुझं नाव येईल ताई, आणि बाटलीचं पण येईल. कायमचं छापून राहील ते. काय करू?”

मी ओट्यापाशी उभी होते. हातातला ग्लास नळाखाली धरलेला होता, आणि मी तो काढला नाही.

“जसं घडलं तसं लिही,” मी म्हटलं. “फक्त आईला वाचायला देऊ नकोस. जन्मभर ऐकवेल.”